बारा हजारांच्या बाहेर

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी अमरावतीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात एकाच मिनिटात बाराशे शहात्तर नवी उपकरणं जन्माला आली. ना आवारात ट्रक आला, ना कुणी खोकी फोडली, ना कुठे प्लग लावला. करुणा देशभ्रतार चहाचा पहिला घोट घेत होती आणि तिच्या पडद्यावरचा आकडा ११,६३७ वरून १२,९१३ वर गेला. खाली तांबड्या अक्षरांत ओळ उमटली : परवान्याची मर्यादा १२,०००.

तिने कप खाली ठेवला. तो चहा मग तसाच राहिला.

करुणा चव्वेचाळीस वर्षांची. सोळा वर्षांपासून ती या रुग्णालयात उपकरणांची नोंद ठेवत होती. सुरुवातीला हे काम म्हणजे कुठल्या टेबलावर कुठला कॉम्प्युटर, कुठला प्रिंटर कधी आला, एवढंच. मग एका वर्षी बाहेरून कुणीतरी चार-पाच रुग्णालयांची यंत्रणा बंद पाडली, शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबल्या, आणि कायदा आला. रुग्णालयाच्या जाळ्यात अनोळखी यंत्राला पाऊल ठेवू द्यायचं नाही. ज्याची नोंद, त्यालाच पास. पासाची मुदत बहात्तर तास. नोंद ठेवणारी प्रणाली बाहेरच्या कंपनीची होती आणि तिचा परवाना बारा हजार उपकरणांचा. रुग्णालयात सगळे तिला नुसतं 'वही' म्हणत.

आता उपकरण म्हणजे टेबलावरचं खोकंच असतं असं राहिलं नव्हतं. छातीतलं लय राखणारं यंत्र, पोटावरचा इन्शुलिनचा पंप, कवटीखाली बसवलेली फिट अडवणारी चिप. रुग्ण घरी गेला तरी त्याचं यंत्र घरच्या राउटरमधून रुग्णालयाशी बोलत राही. वही माणसं मोजत नव्हती, ती पत्ते मोजत होती. जाळ्यात ज्याला स्वतःचा पत्ता, ते एक उपकरण.

घोटाळा इथेच झाला होता. पक्षाघाताच्या अठ्ठावन्न रुग्णांच्या लुळ्या हातांत तांदळाच्या दाण्याएवढ्या बावीस-बावीस कणिका टोचलेल्या होत्या. नेमक्या क्षणी त्या स्नायूला विजेची हलकी टिचकी मारत आणि बोटं पुन्हा मिटायला शिकत. कालपर्यंत या बावीस जणी मनगटावरच्या पट्ट्याच्या नावाने बोलत होत्या, म्हणून एका हाताची एकच नोंद व्हायची. आज कणिकांच्या कंपनीने नवी आवृत्ती पाठवली आणि प्रत्येक दाणा आपापल्या नावाने बोलायला लागला.

"मागची आवृत्ती परत घाला," करुणाने कणिकांच्या कंपनीला फोनवर सांगितलं.

"नाही घालता येत मॅडम. तिच्यात सुरक्षेची भेग होती. परत घातली तर कायदा मोडतो."

वहीच्या कंपनीतला माणूस जास्त गोड बोलला. वीस हजारांचा परवाना देता येईल, ट्रस्टने आजच होकार दिला तरी चालेल. फक्त आधी सुरक्षा तपासणी होणार, तिला कामाचे नऊ दिवस. म्हणजे पुढच्या आठवड्याचा गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

"तोवर वही बंद पडणार का?"

"छे छे. फक्त मर्यादेबाहेरची उपकरणं तिला दिसणार नाहीत."

"दिसणार नाहीत म्हणजे नेमकं काय?"

"सोमवारी अकराला आताचे पास संपतील. जे दिसत नाही, त्याला नवा पास मिळणार नाही."

वैद्यकीय संचालक डॉ. शिरभाते यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "यंत्रं बंद तर पडत नाहीत ना?"

"बंद नाही पडत सर. मूळ पदावर जातात. शरीरातली चिप लहान असते, विचार करायचं काम आपल्या तळघरातला कॉम्प्युटर करतो. फिट यायच्या वीस मिनिटं आधी मेंदूच्या लहरी बदलतात, ते त्याला कळतं आणि तो चिपला सांगतो. पास नसला की ते सांगणं पोचत नाही. मग चिप कारखान्यातून आली तशी चालते. दहातल्या नऊ फिट अडवायच्या ऐवजी सहा."

"म्हणजे अडवते."

"सहा अडवते, सर."

"तुम्ही असं करा, वहीतलं भंगार काढा. नऊशे तर चुटकीसरशी निघतील." डॉक्टरांनी चष्मा घातला. बोलणं संपलं होतं.

भंगार काढायला तिच्याबरोबर मुश्ताकभाई निघाले. वैद्यकीय यंत्रं दुरुस्त करणारे, अठ्ठावन्न वर्षांचे, दिवाळीला निवृत्त होणारे. दोघं शुक्रवारी दुपारभर आणि शनिवारी सकाळी मजल्यामागून मजला फिरले. कुठल्याशा जुन्या योजनेतले एकशे चाळीस टॅब एका कपाटात चार वर्षं चार्जिंगला लागलेले निघाले. बंद झालेल्या वॉर्डातले थर्मामीटर अजून रोज तापमान कळवत होते, तेही रिकाम्या पलंगांचं. कॅन्टीनचा टोकन दाखवणारा पडदा गेला, पार्किंगचा गेला, संचालकांच्या केबिनमधला मोठा टीव्हीही गेला. तो काढताना मुश्ताकभाई पहिल्यांदा हसले.

शनिवारी दुपारी करुणाने आकडा पाहिला. आठशे एकोणसत्तर निघाले होते. चव्वेचाळीस उरले.

"आता काय काढू मॅडम?" मुश्ताकभाई खुर्चीत टेकले. "ब्लड बँकेचा फ्रिज? आता जे हाय ते सगळं कामाचंच हाय."

करुणाने यादीचा तळ उघडला. मर्यादेखाली पडलेली चव्वेचाळीस नावं. एकही प्रिंटर नाही, एकही कॉम्प्युटर नाही. सगळी माणसं.

वहीचा नियम साधा होता. जे जास्त बोलतं ते वर, जे गप्प ते खाली. गप्प असलेलं यंत्र बहुतेक पडीकच असणार, असं बनवणाऱ्यांनी धरलेलं, आणि ऑफिसातल्या यंत्रांना ते लागूही पडत होतं. पण शरीरातलं यंत्र गप्प कधी बसतं? माणूस बरा असतो तेव्हा. वर्षभर ज्याला काही झालं नाही, त्याचं यंत्र वहीच्या हिशेबी सगळ्यात बिनकामाचं. अतिदक्षता विभागातली यंत्रं 'राखीव' म्हणून आधीच वर बांधलेली होती. तळाला राहिले ते ठणठणीत लोक.

ती नावं वाचत खाली आली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. क्रमांक १२,०३१. प्रज्ञा देशभ्रतार, वय चौतीस. मेंदूतील चिप. शेवटची घटना : चौदा महिन्यांपूर्वी.

प्रज्ञा तिची धाकटी बहीण. तिला नवव्या वर्षी पहिली फिट आली. आई-वडील गेल्यावर करुणाच तिची आई झाली, लग्नाचं मग राहूनच गेलं. प्रज्ञा आंघोळीला गेली की करुणा दाराबाहेर स्टूल टाकून बसायची. आतून कडी लावायची नाही, हा घरातला सगळ्यात कडक नियम. चिप बसली आणि वर्षभरात प्रज्ञा शाळेत भूगोल शिकवायला लागली, वेगळी खोली घेऊन राहू लागली, स्कूटर चालवायला शिकली. पहिल्या दिवशी तिने नव्या खोलीच्या बाथरूमची कडी आतून लावली आणि आतूनच ओरडली, "ताई, ऐकलंस का आवाज?"

मुश्ताकभाई पाणी प्यायला बाहेर गेले होते. करुणाने त्या ओळीवर बोट दाबून धरलं. 'राखीव करायचे?' वहीने विचारलं. कारण लिहायची एक चौकट होती. तिने लिहिलं, 'निरीक्षणाखाली'. झालं. प्रज्ञा वर गेली. मर्यादेच्या आतलं शेवटचं नाव खाली ढकललं गेलं. मोरेश्वर तायडे, वय एकोणचाळीस, हृदयाची लय राखणारं यंत्र. व्यवसाय : शाळेची व्हॅन चालवणे.

करुणाने पडदा बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला. नाव तिथेच होतं.

एक जागा, फक्त एक जागा रिकामी करायची. संध्याकाळपर्यंत ती वही उलटीसुलटी करत राहिली. शेवटी एक ओळ सापडली. बडनेऱ्याच्या रेणुका इंगोले, आठ महिन्यांपूर्वी मृत, फाइल बंद. पण त्यांच्या घरची श्वासपट्टी अजून चालू होती. गादीखाली घालायची ती पट्टी, झोपलेल्या माणसाचे श्वास मोजते. घरात बसवलेलं यंत्र घरच्यांच्या अंगठ्याशिवाय वहीतून काढता येत नव्हतं, कायदाच तसा होता. बाई गेल्या, पट्टी कुणी काढली नाही. असं होतं पुष्कळदा.

रविवारी सकाळी साडेआठलाच ती बडनेऱ्यात पोचली. एप्रिलचं ऊन तेव्हाच चटकत होतं. सुखदेवराव इंगोले, पंच्याहत्तरीचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. कूलरला पाणी भरत होते. दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली.

"थ्या पट्टीसाठी आल्या का तुमी?" तिने सांगायच्या आधीच ते म्हणाले. "मले वाटलंच होतं, एक दिस कोनी तरी येईन."

"काका, ती बंद करायची राहून गेली असेल ना?"

"राहून नाई गेली." ते पलंगावर बसले. "हे जागा तिची होती, खिडकीकडची. माही तिकडची. आता मी तिच्या जागी झोपतो. पोरीनं मोबाइलवर दाखोलं होतं मले. तुमच्या दवाखान्यात दिसते म्हने, रेणुका इंगोले, श्वास चालू. तेवढंच बरं वाटते बाई. कोनाचं काई जाते का त्याच्यात?"

जातं, असं करुणाच्या तोंडावर आलं होतं. ते न बोलता तिने टॅबवर पट्टीची नोंद उघडली, अंगठ्याची चौकट काढण्यासाठी. वर कालच्या रात्रीचा आलेख आला. तिला वैद्यकीतलं कळत नव्हतं, पण सोळा वर्षं यंत्रांच्या रेघा पाहून डोळा तयार झाला होता. रेघ चढत होती, उतरत होती आणि मधेच सपाट होत होती. चाळीस सेकंद सपाट. पुन्हा. पुन्हा. एका रात्रीत एकतीस वेळा. पट्टीने दर वेळी इशारा पाठवला होता. फाइल मृत व्यक्तीची, म्हणून इशारे कुणी पाहत नव्हतं.

"काका, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का हो?"

"दुखते ना. रोजचंच हाय."

"दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो?"

"लागते. परवा तं जेवता जेवता लागला. तुमाले कसं समजलं?"

तिने टॅब त्यांच्यापुढे धरला आणि सपाट रेघेवर बोट ठेवलं. "हा श्वास काकूंचा नाही, तुमचा आहे. आणि तो रात्रीतून एकतीस वेळा थांबतोय."

सुखदेवराव त्या रेघेकडे पाहत राहिले. पाण्याची बादली भरून वाहायला लागली होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

"पट्टी नाही काढायची," करुणा म्हणाली. "तुमच्या नावावर करायची. म्हणजे डॉक्टर बघतील. उद्याच बोलावतील तुम्हाला."

"मंग तिचं नाव जाईन?"

"जाईल, काका."

ते उठले, नळ बंद करून आले. लुंगीला हात पुसले. "घाला माहं," म्हणाले आणि अंगठा पुढे केला.

एक जागा मोकळी करायला गेलेली करुणा रिकाम्या हाताने परतली. परतीच्या रिक्षात तिने तीनदा वही उघडली आणि तीनदा मिटली. मोरेश्वर तायडे. उद्या अकरा वाजता. शाळा सुटायची वेळ साडेबाराची.

ती ऑफिसला गेली नाही. प्रज्ञाच्या खोलीवर गेली. प्रज्ञा वह्या तपासत बसली होती, केस धुऊन सोडलेले. करुणाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कणिका, मर्यादा, यादी, 'राखीव'ची खूण.

"कधी केलंस हे?"

"काल."

"आणि मला आज सांगतेस. माझ्या डोक्यातलं आहे ना ते?" प्रज्ञाने लाल पेन खाली ठेवला. "माझ्याऐवजी बाहेर कोण गेलं?"

"एक व्हॅनवाला. शाळेच्या मुलांची व्हॅन."

"कोणत्या शाळेची?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, की बघितलं नाहीस?"

करुणा खुर्चीवर बसली. तिने बघितलं नव्हतं. बघायचं टाळलं होतं.

"त्याला फोन करता येईल," ती म्हणाली. "अकरा दिवस गाडी चालवू नका म्हणून सांगेन."

"मग मलाही सांग. गाडी चालवू नको म्हणून. मी ऐकीन. त्याची व्हॅन बंद झाली तर त्याच्या घरी चूल बंद. माझी स्कूटर बंद झाली तर मी चालत जाईन, एवढाच फरक. काढ ती खूण."

"प्रज्ञा, दहातल्या चार..."

"मला मोजता येतं, ताई." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तू वीस वर्षं माझ्यासाठी दाराबाहेर बसलीस. मी कधी म्हटलं नाही की उठ. आता म्हणते. दुसऱ्याला ढकलून मला नको वाचवूस. हवं तर इथे राहायला ये. कडी नाही लावणार मी अकरा दिवस. पण खूण काढ, माझ्यासमोर."

करुणाने फोन काढला. बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा खूण निघाली. प्रज्ञा देशभ्रतार पुन्हा १२,०३१ वर गेली. प्रज्ञाने पेन उचलला, पण पुढची वही तिने बराच वेळ उघडली नाही.

त्यानंतर करुणाला एकच गोष्ट सुचत होती. तिने डॉ. शिरभात्यांना फोन लावला. "सर, चव्वेचाळीस लोक आहेत. आज सगळ्यांना कळवते."

"काय कळवणार? तुमचं यंत्र चालू आहे, पण आम्ही बघत नाही आहोत?"

"हो सर. हेच."

"करुणाताई, शहरात घबराट होईल. सोमवारी ओपीडीत दगडफेक व्हायची. काही कळवायचं नाही. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिने फोन ठेवला आणि मुश्ताकभाईंना बोलावलं. दुपारी दीडपासून दोघं फोन करत बसले. अर्धी नावं तिची, अर्धी त्यांची. तिने कागदावर चार वाक्यं लिहून काढली होती, पहिल्या तीन फोननंतर कागद बाजूला पडला. अचलपूरच्या एका बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, शेतात एकटी जाऊ की नको? एक वकील ओरडले, नोटीस पाठवतो म्हणाले, मग हळूच म्हणाले, "पोहायला गेलो तर चालेल का?" एक म्हातारेबुवा हसत सुटले. "म्हंजे मी बरा हाय म्हून मले काढलं? मंग काय, रोज जरासा बिमार पडू?" करुणाने पुढचा नंबर लावला. मुश्ताकभाई मात्र प्रत्येकाला शेवटी म्हणत होते, "माझा नंबर लिहून घ्या. रात्री-बेरात्री कधीपण लावा." साडेपाचपर्यंत चव्वेचाळीस झाले. त्रेचाळीस फोन आणि एक प्रज्ञा.

सोमवारी अकरा वाजता काहीही झालं नाही. न दिवे गेले, न घंटा वाजल्या. पडद्यावर चव्वेचाळीस ओळी करड्या झाल्या, इतकंच. मंगळवारी तिच्या टेबलावर पाकीट आलं, कारणे दाखवा. वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध रुग्णांना माहिती दिली. तिने त्याच कागदाच्या तळाला लिहिलं, 'फोन मी केले. पुढेही करीन.' सही करून परत पाठवला. दगड काही पडले नाहीत. ओपीडीत लोक आले, रांगेत बसले, डॉक्टरांना प्रश्न विचारून घरी गेले. सुखदेवराव इंगोलेही आले, नाकावर लावायचं श्वासाचं यंत्र घेऊन परत गेले. कारणे दाखवाचं पुढे काय झालं ते कुणी तिला विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही.

यादी मात्र स्थिर राहत नव्हती. करड्या ओळीतल्या कुणाची छाती धडधडली की त्याचं यंत्र हाक मारी. आपत्तीची हाक पास नसली तरी जाळ्यात घेतली जाई. हाक मारली म्हणून ते वर चढे, आणि वरचं कुणीतरी, बिचारं आपल्या तब्येतीने गप्प असलेलं, बाहेर पडे. पास मोजकेच, म्हणून त्याचा पास वही मुदतीआधीच, त्याच क्षणी काढून घेई. त्या अकरा दिवसांत यादी एकवीस वेळा हलली. एकवीसही वेळा करुणाने फोन केला. मर्यादा ठरल्या गुरुवारी वीस हजारांवर गेली आणि तोवर कुणाचा जीव गेला नाही, हे पुढे सगळ्यांनी ट्रस्टचं कौतुक म्हणून सांगितलं. त्या अकरा दिवसांत करुणाचं वजन चार किलोंनी उतरलं, ते कुणी सांगितलं नाही.

त्या अकरा दिवसांतल्याच शनिवारी दुपारी साडेतीनला ती प्रज्ञाच्या खोलीवर होती. प्रज्ञा पाटा-वरवंट्यापाशी बसून ठेचा वाटत होती आणि शाळेतल्या एका बाईंची नक्कल करत होती. वाक्य अर्ध्यात तुटलं. हात वरवंट्यावर तसाच राहिला, मान एका बाजूला वळली. करुणाने वरवंटा ओढून घेतला, डोकं फरशीला लागायच्या आत मांडीवर घेतलं, तिला डाव्या कुशीवर केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चौदा महिने हे हात रिकामे होते, पण ते काही विसरले नव्हते. तोंडात काही घालायचं नाही. धरून ठेवायचं नाही. मोजायचं. तिखटाचा वास खोलीभर झाला होता. दोन मिनिटं आणि दहा सेकंद.

प्रज्ञाला शुद्ध यायला वीस मिनिटं लागली. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग ताईकडे.

"किती?"

"दोन मिनिटं दहा."

"बरं." तिचे ओठ कोरडे पडले होते. "फार नाही."

तेवढ्यात करुणाचा फोन थरथरला. वहीचा निरोप होता. प्रज्ञा देशभ्रतार, घटना नोंदली, क्रमांक ३१८, नवा पास दिला. चिपने हाक मारली होती आणि ती वर चढली होती. फिट आली म्हणून प्रज्ञा आत आली. करुणाने निरोप पुढे वाचला नाही, फोन पालथा ठेवला.

"कोण गेलं बाहेर?" प्रज्ञाने विचारलं.

"झोप तू."

"ताई. कोण गेलं?"

करुणाने फोन उलटा केला. वंदना रोकडे, वय एकेचाळीस, हृदयाची लय राखणारं यंत्र, शेवटची घटना तेरा महिन्यांपूर्वी. व्यवसाय : जलतरण प्रशिक्षक. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. चारला जलतरण तलावावर वंदनाताईंची मुलींची बॅच असते, करुणाच्या ऑफिसातल्या एकीची मुलगी तिथेच जायची. पाण्यात उतरलेल्या बाईच्या हातात फोन कुठून असणार?

मुश्ताकभाई त्या वेळी यवतमाळ रोडला एका रुग्णाकडे गेलेले. तलावाच्या ऑफिसचा नंबर लागत नव्हता. करुणा उठायला गेली आणि थांबली. प्रज्ञाचं डोकं अजून तिच्या मांडीवर होतं. फिटनंतर तासभर तिला एकटं सोडायचं नसतं, हे तिला पंचवीस वर्षं पाठ होतं.

"शेजारच्या काकूंना हाक मार," प्रज्ञा म्हणाली. जीभ अजून जड होती. "मला त्या बघतील. किल्ली खिळ्याला आहे. जा."

"नक्की?"

"जा ना गं."

काकू पदराला हात पुसत आल्या आणि करुणा निघाली. प्रज्ञाची स्कूटर सहा दिवस उभी होती, सीट तव्यासारखी तापलेली. पंचवटी चौकात सिग्नल लाल होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा तो तोडला.

तलावाच्या दारात कुणी अडवलं नाही. पाण्यात पंधरा-सोळा मुली कठड्याला धरून पाय मारत होत्या, आणि खोल बाजूला, सगळ्यांपासून दूर, काळ्या टोपीतली एक बाई पाठीवर तरंगत त्यांना हात कसा टाकायचा ते दाखवत होती. करुणा चपलांसकट ओल्या फरशीवरून धावली. एक मुलगी ओरडली, "ओ काकू, चपला!"

"वंदनाताई!" करुणाचा आवाज छताला आदळून परत आला. "वंदनाताई, बाहेर या. आत्ता."

बाई सरळ झाली. दोन हातांत पाणी कापत कठड्याशी आली, चष्मा वर सरकवला. धष्टपुष्ट खांदे, चेहऱ्यावर नुसतं नवल. "मी दवाखान्यातून आलेय," करुणा धापा टाकत म्हणाली आणि हात पुढे केला.

"दवाखान्यातून? का, काय झालं?"

"अजून काही झालेलं नाही," करुणा म्हणाली. "म्हणूनच आले."

वंदनाताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरला आणि पाण्याबाहेर पाऊल टाकलं.